कडेवरचं नाव

शिवाजीनगर, बेंगळुरू
१८ मार्च २०२४

रा. रा. हवालदार दत्ता गावडे साहेब यांस,
खंडोजी राव, मेडलवाला, याचा नमस्कार.

निघताना तुम्ही म्हणालात, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, काय असेल ते लेखी कळवा. फौजी माणूस, तुमचं बरोबर आहे. म्हणून लिहितोय. माझं मराठी घरातलं, शाळा सगळी कन्नडमधली, त्यामुळे अक्षरं जरा त्या वळणाने वाकतात. आमच्या मंडळींनी, म्हणजे सकवारबाईंनी, मागे उभं राहून आत्तापर्यंत दोन वेलांट्या बदलायला लावल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे असं त्यांचं म्हणणं. असू दे.

शनिवारी तुम्ही आंबेतळ्याहून बेळगाव, बेळगावहून बेंगळुरू असा प्रवास करून दुकानात आलात आणि मी तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मेडलच्या फ्रेमची काच फुटली, कारागिराकडे परत गेलीय, असं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. फक्त 'किती दिवस?' एवढं विचारलंत. मी पंधरा म्हणालो. ते पंधरा आता स्वल्प वाढतील असं दिसतं. रिबन दिल्लीहून यायची आहे. लाल, मधोमध पांढरी रेघ. इथे मिळते तिचा लाल विटकरीकडे झुकतो, आणि तुमच्या गिरीराजच्या सेना मेडलला मी विटकरी रिबन लावणार नाही.

फेब्रुवारीत तुम्ही मुलीला घेऊन पहिल्यांदा आलात ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडून थेट इकडे आला होतात. काचबिंदू, वर्ष-दीड वर्ष नजर राहील, असं शाल्मलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. मेडल काउंटरवर ठेवण्याआधी तुम्ही त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. नंबर, हुद्दा, नाव. म्हणालात, 'दिसतंय अजून. पण बोटाला लागतंय हे बरं आहे, पुढे उपयोगी पडेल.' हे काउंटर माझ्या आजोबांचं. छावणीतल्या साहेबांची मेडलं ते इथेच बसवायचे. मी स्वतः चाळीस वर्षं हेच करतोय. पण नाव बोटाने वाचून ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

शनिवारी दारात उभं राहून तुम्ही 'मी अण्णा, मेडल न्यायला आलोय' म्हणालात आणि माझ्या हातून कॉफीचा ग्लास पडला. तुमच्या पायजम्यावर डाग पडला, त्याची माफी मागतो. उन्हाची चक्कर आली होती, दुसरं काही नाही.

आपला,
खंडोजी राव


शिवाजीनगर
२ मे २०२४

हवालदार साहेब,

तुमचं कार्ड मिळालं. 'रिबन नको. मेडल तसंच पाठवा. नजर उतरत आहे.' तीन दिवस ते कार्ड खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना ते सकवारबाईंच्या हाती लागलं. त्या म्हणाल्या, 'रिबनीच्या मागे किती दिवस लपणार? तेवढीशी तर असते ती.'

काच फुटली नव्हती. रिबन माझ्याकडे होती, चांगली, दिल्लीचीच. मेडल माझ्याकडे नाही.

आता कसं झालं ते सांगतो. चिडायचं ते शेवटी चिडा. तुम्ही यायच्या आधीच्या गुरुवारी शाल्मलीचा फोन आला. 'काका, ऑफिसमध्ये रिलीज आहे, मारतहळ्ळीहून निघणं जमणार नाही. शनिवारी अण्णा येतील, त्यांच्याकडे द्या.' मी म्हणालो, सरी, म्हणजे बरं.

आमच्या घरांत बापाला अप्पा म्हणतात. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. चारशे वर्षं आमची माणसं या मुलखात राहिली, आणि शब्द कुठून सरकून कुठे बसले ते आमचं आम्हालाही कळलं नाही. शिवाय या गावात ज्याला त्याला अण्णा. इडली वाढणारा अण्णा, रिक्षावाला अण्णा, पावती फाडणारा पोलीससुद्धा अण्णा. तुमच्याकडे बापाला अण्णा म्हणत असतील हे माझ्या मनात आलंच नाही. मला वाटलं, पोरीचा थोरला भाऊ येणार.

आणि आला. शनिवारी दहाला शटर वर केलं तर पायरीवर एक माणूस उभा. पस्तिशीचा. सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट, वर उन्हाळ्यातही स्वेटर. 'गिरीराज गावडेचं मेडल इथंच हाय न्हवं?' मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाला, 'थोरला भाऊ.' मी म्हणालो, 'म्हणजे अण्णा. या, या, शाल्मलीने सांगून ठेवलंय.' तो थबकला. मग म्हणाला, 'व्हय. अण्णाच म्हणत्यात मला.' वहीत सही केली. मी फ्रेम कागदात गुंडाळून दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, देवाचा प्रसाद घेतात तशी, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही.

तीन वाजता तुम्ही आलात.

तुमच्या तोंडाकडे बघून मला खरं बोलता आलं नाही. चाळीस वर्षांत या दुकानातून एक बक्कल हरवलेलं नाही, आणि हरवलं ते हे. लाज वाटली, दुसरं कारण नाही. शाल्मलीलाही फोन केला नाही, कारण तिने पहिला फोन तुम्हालाच लावला असता.

वहीतली सही वाचता येत नाही. 'प्र' असं काहीतरी आहे. तो तुमचा थोरला मुलगा असेल तर मेडल घरचं घरात आहे आणि मी उगाच दीड महिना झोप घालवली. तसं असेल तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. नसेल तर कोणी भामटा होता. काय ते लगेच कळवा.

आपला अपराधी,
खंडोजी राव


शिवाजीनगर
११ जून २०२४

हवालदार साहेब,

'मला थोरला मुलगा नाही. चोर आहे. पोलिसांत द्या.' असं तुम्ही लिहिलंत. तुमचं कार्ड घेऊन मी चौकीच्या पायरीपर्यंत गेलो. आत एक बाई हरवलेल्या पोराची तक्रार लिहून देत होती. मी पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर पडून मारतहळ्ळीची बस धरली.

शाल्मलीला ऑफिसखाली बोलावलं. पुलाजवळ उभ्याने खायचं हॉटेल आहे, तिथे आम्ही दोघं उभे. मी तुमचं कार्ड तिच्यापुढे धरलं. ती वाचून इतकी रडली की बाजूच्या लोकांनी माझ्याकडे वाईट नजरेने बघितलं.

तुम्हाला थोरला मुलगा आहे. त्याचं नाव प्रणीत.

सगळं तिने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी तो ट्रेनिंगमधून पळून आला आणि तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावलंत. मग घराचं नाव धुवायला धाकटा भरतीला गेला. तीन वर्षांपूर्वी गिरीराज पेटीतून आला तेव्हा प्रणीत वेशीपर्यंत आला होता आणि तुम्ही चार गावांसमोर म्हणालात, 'ज्यानं जायचं तो हा उभा हाय.' खांदा देऊ दिला नाहीत. तो चार वर्षांपासून बेंगळुरूतच आहे. शाल्मली त्याच्याशी तुम्हाला चोरून बोलते. फ्रेम तयार झाल्याचा फोटो मी तिला पाठवला होता, तो तिने त्याला पाठवला. दुकानाची पाटी त्या फोटोत होती. पोरीचा गुन्हा एवढाच, तिच्यावर रागावू नका.

मी दुकानदार माणूस. तुमच्या घरात बोलायचा मला हक्क नाही हे मला कळतं. पण मी तुम्हाला लेखी खोटं कळवलं आणि तुम्हीही मला लेखी खोटं कळवलंत. आपण दोघे आता बरोबरीत आहोत.

पोलिसांत मी देणार नाही. त्याला शोधून मेडल आणून देईन. सध्या अडचण एवढीच की मेडल नेल्यापासून तो शाल्मलीचाही फोन घेत नाही. खोली सोडली, नोकरी बदलली. सर्जापूर रोडवर कुठेतरी गेटवर असतो एवढं कळलंय. तुम्ही फक्त एक करा. आणून दिलं तर त्याला घरात घ्याल का, ते एका ओळीत लिहा. मी त्याला तीच ओळ दाखवीन.

खंडोजी राव


९ फेब्रुवारी २०२५

हवालदार साहेब,

'दुकानदाराने दुकान सांभाळावे. मेडल द्यावे. त्याचे नाव पुन्हा पत्रात नको.' हे तुमचं जुलैतलं कार्ड. हुकूम मान्य. नाव लिहीत नाही.

आज तिसावा की एकतिसावा रविवार. सर्जापूर रोडवर इतकी अपार्टमेंट आणि प्रत्येकाच्या गेटवर निळा शर्ट. मी जेवणाचा डबा घेऊन जातो आणि फाटकं मोजत परत येतो. गार्ड लोक आता मला ओळखतात. 'सिक्किल्ला अण्णा?' विचारतात, अजून सापडला नाही का म्हणून.

शाल्मलीला कंपनीने आयर्लंडला पाठवलं. जाताना ती दुकानात आली होती.

तुमच्या नजरेचं कसं आहे ते तुम्ही कळवत नाही. कळवा.

खंडोजी


शिवाजीनगर
९ सप्टेंबर २०२५

हवालदार साहेबांस नमस्कार.

जूनमधलं कार्ड वेगळ्याच अक्षरात आलं तेव्हाच समजलो. खाली 'विद्या, पोस्ट ऑफिस, आंबेतळे, यांनी लिहून घेतले' असं होतं. उजवा डोळा गेला, डावीकडे नुसता उजेड कळतो, एवढंच तुम्ही सांगितलंत. विद्याताई, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल, तुम्हालाही नमस्कार.

मेडल मिळालं.

कसं आणि कुठे ते विचारू नका. ज्याने नेलं होतं त्यानेच आणून दिलं. मोडलेलं नाही, वाकलेलं नाही. रिबन मी स्वतः बदलली. पोस्टावर माझा विश्वास नाही, विद्याताईंनी राग मानू नये. माझा माणूस घेऊन येतोय. येत्या सोमवारी सकाळी बेळगावच्या गाडीने पोचेल. तुमच्याच बाजूची बोली बोलतो. कमी बोलतो, पण माणूस विश्वासू आहे. मेडल तो तुमच्या हातात देईल. त्याला दोन मिनिटं बसवून घ्या, एवढी माझी विनंती आहे. घाईने परत पाठवू नका.

आपला,
खंडोजी राव


शिवाजीनगर, बेंगळुरू
३ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

आज पहिल्यांदा तुम्हाला अण्णा म्हणतोय. तुमच्या घरच्या अर्थाने.

विद्याताई, हे पत्र वाचायला लागण्याआधी त्यांना खाटेवर बसवा. पाकिटातली छोटी पुडी अजून उघडू नका. मी सांगेन तेव्हा उघडा. आणि काही खाडाखोड दिसली तर ती माझी आहे. मंडळी आज मागे उभ्या नाहीत, 'तुमचं तुम्ही लिहा' म्हणून आत गेल्या आहेत.

तुमचं कार्ड चारदा वाचलं. सगळं उतरवून काढतो, म्हणजे कोणत्या प्रश्नाला काय उत्तर आहे ते तुम्हाला कळेल. 'मेडल मिळाले. कडेला नाव लागत नाही. माझ्या मुलाच्या मेडलला नाव होते, मी बोटाने वाचून ठेवले होते. हे कोणा दुसऱ्या जवानाचे आहे. आमचे त्या चोराने कुठे घालवले देव जाणे, आणि हे कुठलेतरी आणून दिले. त्या घरचे लोक वाट बघत असतील. तुमच्या माणसाकडे परत दिले आहे. ज्याचे त्याला पोचवा. माणूस भला आहे. जेवला नाही, पाणी प्यायला, जाताना पाया पडला. कोणाचा मुलगा ते विचारायचे राहिले. कळवा.'

कळवतो. तुमचा जुना हुकूम मोडून कळवतो, कारण तो पाळून काय झालं ते मी बघितलं.

तो मला ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दुपारी सापडला. सर्जापूर रोडच्या टोकाला एक नवीन अपार्टमेंट आहे, अजून अर्धी माणसंही राहायला आलेली नाहीत. गेटच्या केबिनमध्ये तो स्टुलावर बसला होता. समोर ब्रासो पॉलिशची डबी, मांडीवर फडकं आणि हातात मेडल. मला बघून उठला. पळाला नाही. म्हणाला, 'काका, सहा वाजेपर्यंत ड्युटी हाय. मग पोलिसाकडं चला.'

मी म्हणालो, पोलिसाकडे जायचं असतं तर दीड वर्षापूर्वीच गेलो असतो.

फ्रेम त्याने काढून टाकली होती, केबिनमध्ये जागा नव्हती म्हणून. मेडल शर्टाच्या आतल्या खिशात असायचं. मी विचारलं, नेलंस कशाला? तर म्हणाला, 'मी ठेवून घ्यायला न्हवं नेलं. आठ दिवस जवळ असू दे म्हणलं. मग आठ दिवसांनी कुठल्या तोंडानं आणू?' मग त्याने एक गोष्ट सांगितली. आई भातलावणीला जायची तेव्हा सहा वर्षांचा हा आणि तान्हा गिरीराज. शाळेत न्यायचा म्हणे त्याला कडेवर घेऊन. मास्तर ओरडायचे, तर वर्गाच्या दारात बसायचा, त्याला मांडीवर घेऊन. हे तुम्हाला ठाऊक असणारच. मला त्याने सांगितलं तेव्हा त्याचा हात कमरेवर होता, पोर अजून तिथेच असल्यासारखा.

आणि ब्रासो कशाला, असं विचारलं तर हसला. 'अण्णांनी शिकवलंय. बक्कलात तोंड दिसलं पायजे. दोन टाइम घासतो. ड्युटीवर चढताना आन् उतरताना. एक दिस चुकलो न्हाई.'

अण्णा, मी मेडल हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. अशी लकाकी मी कधी पाहिली नव्हती. रोज दोन वेळा, सतरा महिने. कडेवरचं कोरीव काम मुळात उथळ असतं, आम्ही त्याला नुसतं कोरडं फडकं लावतो. नाव उडालं होतं. खिशातल्या भिंगाखाली धरलं तर नंबरचे शेवटचे तीन आकडे आणि 'गिरी' एवढं पुसट दिसत होतं. बोटाला काहीच नाही. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याचं तोंड बघून सांगवलं नाही.

पुढचं सगळं माझं डोकं. 'तूच जा,' मी म्हणालो. 'मी तुझं नाव लिहीत नाही, अण्णांनी नको म्हटलंय. माझा माणूस म्हणून जा. मेडल हातात दे. मग तोंड उघड आणि सांग मी कोण ते. मेडल हातात असताना ते तुला हाकलणार नाहीत.' त्याने तीन दिवसांची रजा मागितली. सकवारबाईंनी त्याला माझा एक नवाकोरा शर्ट दिला, बाह्या दोन बोटं आखूड झाल्या. वाटेसाठी चकल्या बांधून दिल्या.

आणि एक माझं पाप आहे, ते वेगळं सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी मेडल माझ्यासमोर होतं आणि कोरायचं हत्यार ड्रॉवरमध्ये होतं. अर्ध्या तासाचं काम. नाव खोल करून दिलं असतं तर तुमच्या नखाला लागलं असतं. पण आजोबांचा दंडक आहे, नावाला हत्यार लावायचं नाही, नाव सरकारने कोरलेलं, आपण फक्त बसवायचं. मी तो पाळला. पाळताना मला बरंही वाटलं, बघा आम्ही कसे जुने कारागीर म्हणून. तुमची नजर गेली आहे म्हणजे नाव कोण बघणार, असाही एक विचार मनात होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही याच काउंटरवर बोट फिरवलं होतंत, पहिल्या पत्रात मीच ते तुम्हाला लिहिलं होतं, आणि ऐन वेळी मी ते विसरलो.

त्या दिवशी तुमच्या अंगणात काय झालं ते त्याने मला सांगितलं, ते तुम्ही त्याच्या बाजूने ऐका.

तो आला. 'मेडल आणलंय' म्हणाला. सतरा वर्षांनी त्याचा आवाज, तुम्ही ओळखला नाहीत. तुमचा दोष नाही, एकोणिसाव्या वर्षीचा आवाज आता कुठे राहणार. तुम्ही हात पुढे केलात. त्याने मेडल तळव्यावर ठेवलं. तुम्ही नख फिरवलंत. एकदा, मग उलटं करून एकदा, मग तिसऱ्यांदा. तोवर तो वाकून बघत होता, त्याला वाटलं तुम्ही खूश होऊन फिरवताय. मग तुम्ही म्हणालात, 'हे आमचं न्हवं.' त्या चोराने खरं घालवलं म्हणालात. कुणाचं तरी मेडल आहे बाबा, जपून ने, म्हणालात, आणि फडक्यात बांधून त्याच्याच हातात दिलंत.

'काका, मला तवाच सांगायचं होतं,' तो म्हणाला. 'मीच घासलंय, तुमच्यासारखंच घासलंय म्हणून. पर पयला शब्द अण्णा म्हणायला पायजे का नको? तोच निघंना. हितं दिवसभर गेटवर येईल त्याला म्हणतो. तिथं निघंना.'

मग तो पाया पडला. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा बाबा' म्हणालात. हे सांगताना तो माझ्या काउंटरला धरून उभा होता. म्हणाला, 'सतरा वर्सांनी हात लागला काका. पर दुसऱ्याचा म्हणून लागला.'

मेडल काउंटरवर ठेवलं आणि गेला. चहा घे म्हटलं, थांबला नाही. मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, मग मी स्वतः त्याला घेऊन तुमच्याकडे येतो, सगळं तोंडाने सांगतो. चौथ्या दिवशी गेटवर गेलो तर केबिनमध्ये दुसराच माणूस. पगारही न घेता गेला म्हणाला. खोलीची किल्ली मालकाकडे. फोन बंद. तेव्हापासून आठवड्याला तीन दिवस मी दुकान बंद ठेवतो आणि फिरतो. बसस्टँड पाहिले, स्टेशन पाहिलं, दोन सरकारी दवाखान्यांत नको ते विचारून आलो. शाल्मली तिकडून रोज फोन करते. परवा कर्नाटक राज्योत्सवाला रस्तोरस्ती लाल-पिवळे झेंडे लावून पोरं नाचत होती आणि मी त्या गर्दीत निळे शर्ट शोधत होतो. तुम्हाला आधी लिहायला हवं होतं. रोज वाटायचं, आज सापडेल, मग दोघांचं मिळून एकच पत्र लिहू.

माझं चुकलं हे मला लिहून संपत नाही. आधी एक शब्द चुकीचा ऐकला. मग काचेचं खोटं. मग माणसाचं खोटं. तुम्ही लेखी मागत होतात आणि मी दर वेळी लेखी खोटंच देत गेलो.

आता तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

विद्याताई, पुडी उघडा. त्यांच्या हातात द्या. अण्णा, नाव लागणार नाही. ते चोराने घालवलेलं नाही, तुमच्या मुलाने तुम्ही शिकवलं तसं रोज दोन वेळा घासून घालवलंय. तुमच्या गावात कुणाकडे भिंग असेल तर विद्याताईंना दाखवा. 'गिरी' दिसेल. विद्याताई, दिसलं तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

ज्याचं त्याला पोचवा, असा तुमचा हुकूम होता. मालक शोधला. मुक्काम पोस्ट आंबेतळे, तालुका चंदगड. आणि माझा माणूस कोणाचा मुलगा असं विचारलंत, त्याचाही पत्ता तोच आहे. मेडल या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतोय. माणूस पाठवता येत नाही. तो सापडत नाही.

खंडोजी